‘तिकडे तर बंद झालं’ म्हणणाऱ्या बडोदेकरांना

तिकडे तर प्राण्यांवरचे प्रयोग बंदच झाले, मग आपल्याकडे अजून का चालू आहेत, हा प्रश्न बडोद्यातून मला सारखा येतो. कधी नातेवाइकांच्या ग्रुपवर, कधी दांडिया बाजारातल्या काकूंचा फोन असतो तेव्हा, आणि एकदा तर भाच्याच्या मित्राने मला थेट विचारलं की तुम्ही असलं काम करता कसं. प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

मी लंडनमध्ये उंदरांच्या गर्भावर काम करते. पोटात पहिल्या काही दिवसांत मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू कसा घडतो, कुठला जीन बंद केला तर कुठे गाडी अडते, हे शोधणं हा माझा पेशा. जीन बदललेले उंदीर म्हणजे माझं रोजचं आयुष्य आहे.

तर पहिली गोष्ट, इकडे संशोधनासाठी प्राण्यांवर होणारे प्रयोग बंद झालेले नाहीत. तुमच्याकडे फिरणारा मेसेज बहुतेक अमेरिकेच्या डिसेंबर 2022 च्या कायद्याबद्दलचा असतो. त्या कायद्याने एवढंच केलं की नवीन औषध माणसांवर वापरून बघण्याआधी ते प्राण्यांवर तपासलंच पाहिजे ही सक्ती काढली, दुसऱ्या पद्धतीने पुरावा देता येत असेल तर द्या म्हटलं. बंदी नाही घातली. भारतानेही 2023 मध्ये औषधांच्या नियमांत तशीच वाट मोकळी केली. आणि हे सगळं औषध तपासण्याबद्दल आहे, गर्भ कसा घडतो या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंधच नाही.

ब्रिटनमध्ये 2023 या एका वर्षात प्राण्यांवर जवळजवळ 26 लाख 80 हजार प्रोसिजर, म्हणजे कायद्याने मोजले जाणारे प्रयोग, झाल्या. हा आकडा कुणी चोरून बाहेर काढलेला नाही, सरकार स्वतः दरवर्षी छापतं, त्यात उंदीर किती, मासे किती, कुत्रे किती, त्रास किती तीव्र झाला, सगळं असतं. त्यातल्या साधारण 12 लाख म्हणजे नुसती जीन बदललेल्या प्राण्यांची पैदास, असा उंदीर जन्माला घालणं हीसुद्धा इथे प्रोसिजरच मोजतात. माझ्या नावाचं लायसन्स वेगळं, प्रोजेक्टचं वेगळं, आणि त्यात आधी लिहून द्यावं लागतं की प्राण्याला काय त्रास होणार आणि त्या बदल्यात काय कळणार. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दलच्या इथल्या 1986 च्या कायद्याप्रमाणे गर्भालासुद्धा गरोदरपणाच्या शेवटच्या एक तृतीयांश काळात संरक्षण आहे. माझं बरंचसं काम त्याच्या आधीच्या दिवसांचं, पण ते गर्भ मिळवायचे तर आईचा जीव घ्यावा लागतो, आणि हे मी कुणापासून लपवत नाही.

हा उघडपणा इथेही आपोआप आलेला नाही. ऑक्सफर्डमध्ये नव्या प्राणीगृहाचं बांधकाम 2004 मध्ये आंदोलनामुळे बंद पडलं होतं, काँट्रॅक्टर निघून गेले, इमारत 2008 ला सुरू झाली. त्या काळात संशोधक गप्प बसायचे, घाबरायचे. मग हळूहळू समजलं की गप्प बसून संशय वाढतोच, आणि 2014 मध्ये बऱ्याच विद्यापीठांनी एकत्र येऊन आम्ही काय करतो ते सांगू असा जाहीर करार केला.

आता काकूंचा प्रश्न, उंदराचं बघून माणसाला काय मिळालं?

बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतो ती नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांच्या आत मिटावी लागते. तेव्हा कितीतरी बायकांना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. ती मिटली नाही तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा उघडा राहण्याचा दोष, किंवा त्याहून वाईट. फॉलिक ॲसिडच्या गोळीने हे टळतं हे 1991 च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं, आणि मी खरं तेच सांगते, ती चाचणी बायकांवर झाली होती, उंदरांवर नाही. आधी असं मूल झालेल्या आयांमध्ये तो धोका 72 टक्क्यांनी कमी झाला. पण उरलेल्यांचं काय? गोळी घेऊनही ज्यांची बाळं अशी जन्मतात त्यांना काय सांगायचं? इथे उंदीर येतो. शेपूट वाकडी असलेली उंदरांची एक जात आहे, तिच्या पिल्लांना हाच दोष होतो आणि फॉलिक ॲसिडचा त्यांना उपयोग होत नाही. 1997 मध्ये दिसलं की इनॉसिटॉल नावाचं साधं द्रव्य दिलं की त्यातला दोष पुष्कळ कमी होतो, आणि त्यावरून माणसांतही छोटी चाचणी घेतली गेली. आज उंदरांत दोनशेहून जास्त जीन्स माहीत आहेत की ज्यातला एक बिघडला तरी ही नळी उघडी राहते. ही यादी कॉम्प्युटरने नाही दिली, ती एकेक जीन बंद करून मिळाली.

आणि बडोद्यात अलकापुरीत टेस्ट ट्यूब बेबीचे बोर्ड दिसतात ना, त्यामागेही उंदीर आहे. ॲन मॅक्लारेन आणि जॉन बिगर्स या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये उंदराचे भ्रूण शरीराबाहेर वाढवून दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवले आणि धडधाकट पिल्लं जन्मली. पहिली टेस्ट ट्यूब बेबी त्यानंतर 20 वर्षांनी, 1978 ला.

या कामात मला सगळ्यात जास्त काय टोचतं तर वाया जाणारे उंदीर. समजा दोन जीन्स एकदम बंद असलेलं पिल्लू हवंय, तर नेहमीच्या संकरातून सोळात एक मिळतं, बाकी पंधरातले काही तुलनेला लागतात, उरलेल्यांना काही काम नसतं. म्हणून पैदास आधी कागदावर मांडणं, पिल्लांच्या कानाचा बारीक तुकडा घेऊन लवकर जेनोटायपिंग करणं, म्हणजे कुणात कुठला जीन आहे ते तपासणं, गरज नसलेल्या जातीचे भ्रूण फ्रीज करून जिवंत कॉलनी बंद करणं, हे आमच्याकडे शिस्तीचा भाग आहे, कंटाळा आला म्हणून सोडता येत नाही.

पर्यायांवर माझा मनापासून विश्वास आहे. 2022 मध्ये इस्रायल आणि केंब्रिजच्या दोन टीम्सनी नुसत्या स्टेम सेल्सपासून, म्हणजे ज्यांच्यापासून कुठल्याही प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशींपासून, उंदराच्या भ्रूणासारखी रचना वाढवली, तिच्यात हृदय धडधडत होतं. पण ती साधारण साडेआठ दिवसांच्या गर्भाइतकी होऊन थांबते, उंदराचं गरोदरपण 19-20 दिवसांचं असतं, आणि तशा रचना शंभरातून एखादीही धड तयार होत नाही. जिथे ती पुरेल तिथे तीच वापरावी. नळी मिटल्यानंतर पुढे काय होतं याचं उत्तर तिच्याकडे नाही अजून.

आता आपल्या घरच्या वादाकडे येते. उत्तरायणाला मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी गुजरातभर करुणा अभियान चालतं, विश्वामित्रीला पूर आला आणि सोसायटीत मगर शिरली तर तिला मारायला कुणी धावत नाही, सोडवणाऱ्या पोरांना फोन जातो. अशा गावात वाढले म्हणूनच मला उंदराचा जीव स्वस्त वाटत नाही. तेव्हा जीवदया म्हणजे मागासलेपणा असं म्हणणारे माझे काही सहकारी मला अजिबात पटत नाहीत. 2014 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, झूऑलॉजीच्या शिक्षणातलं डिसेक्शन बंद करायला सांगितलं, तेही बरोबरच होतं, ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं आहे त्यासाठी जीव का घ्यायचा. पण ज्याचं उत्तर जगात कुणाकडेच नाही तो प्रश्न वेगळा, आणि दोन्हींना एकाच ओळीत पाप म्हणून टाकलं की नुकसान त्या आयांचं होतं ज्यांची नावं आपल्याला कधी कळतही नाहीत.

कायदा आपल्याकडे आहे. 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा संशोधनाला परवानगीही देतो आणि त्यावर समितीही नेमतो, प्रत्येक संस्थेत प्रयोग योग्य आहेत का हे तपासणारी एथिक्स कमिटी लागते. कमी पडतं ते सांगणं. बाहेरच्या माणसाला आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून एकीकडे ‘सगळं क्रौर्य’ आणि दुसरीकडे ‘तुम्हाला नाही कळणार’, असे दोनच आवाज ऐकू येतात. दूर बसून सल्ले देते असं कुणी म्हणेलच, म्हणा, मला चालेल. पण मला वाटतं की जिथे जिथे उंदीर ठेवलेत त्या प्रत्येक संस्थेने वर्षाला किती वापरले, कशासाठी, किती त्रास झाला आणि काय कळलं हे साध्या मराठीत-गुजरातीत जाहीर करावं, आणि एथिक्स कमिटीत बसणाऱ्या बाहेरच्या माणसाने गावात येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. भाच्याच्या त्या मित्राला मी हेच सांगितलं, की तू विरोधच कर, पण आधी आकडा माग.