इंजिन कुठलंही चालेल, आवाज दणदणीत हवा

सगळ्यात आधी घोडे मोजा, म्हणजे इंजिनची हॉर्सपॉवर. डोंगर चढायला घोडेच लागतात, एवढं मनाशी पक्कं केलं की जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) निवडणं अगदी सोपं होतं. महिंद्राच्या २०२० नंतरच्या थारचं दोन लिटर टर्बो पेट्रोल १५० घोड्यांचं, तिच्याच २.२ लिटर डिझेलचे १३०, आधीच्या थार सीआरडीईचे (कॉमन रेल डिझेल) १०५, मारुतीच्या शेवटच्या जिप्सीचे ८० आणि महिंद्राच्या जुन्या जीपमधल्या, म्हणजे एमएम ५४० मधल्या, प्यूजो डिझेलचे साठ-बासष्ट. उतरत्या क्रमाने यादी लावा, खिशाला झेपेल तिथे बोट ठेवा आणि इसार देऊन मोकळे व्हा.

हे घोडे किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) जागे होतात, असले प्रश्न विचारणारी माणसं लोकांचा उत्साह घालवतात. चिखलात आणि दगडांवर इंजिन बहुतेक वेळ हजार ते दोन हजार आरपीएममध्येच फिरतं आणि तिथे कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. थार सीआरडीई आपला २४७ न्यूटन मीटर टॉर्क १८०० आरपीएमच्या आसपास हातात देते. जिप्सीला तिचे शंभरेक गोळा करायला ४५०० पर्यंत ओरडावं लागतं. तरीही ताडोबात वर्षानुवर्षं जिप्सीच राबल्या, कारण ती जेमतेम टनभर वजनाची आणि नवी थार पावणेदोन टनांच्या घरातली. टॉर्क, वजन आणि लो गिअर (हळू पण जोरात ओढणारा) या तिघांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. तुम्ही मांडू नका. हिशेबाने घेतलेल्या गाडीचे फोटो चांगले येत नाहीत.

२०१० साली आलेल्या थारची एक डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) आवृत्तीही होती. इंजिन २५२३ सीसी, घोडे ६३. तिच्याकडे ढुंकूनही बघू नका. एक्स्प्रेस वेवर ट्रकसुद्धा हॉर्न मारून पुढे जातील. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी ती आयडलवर चढ चढत राहते, हा तिचा एकमेव गुण. शिवाय याच कुळीचं इंजिन बोलेरोत चाललं असल्यामुळे जुन्नर असो की दापोली, तिला हात लावू शकणारा मेकॅनिक आणि फिल्टर-गॅस्केट देणारं दुकान सापडतं. पण गाडी दोन तासांत दुरुस्त होऊन त्याच दिवशी घरी आली, तर सोमवारी ऑफिसात सांगायला काय उरलं?

आता प्रत्यक्ष गाडी बघायला जाऊ. विक्रेत्याला निघतानाच फोन करा, म्हणजे तो इंजिन गरम करून ठेवील. बॉनेटला हात लावू नका. गार इंजिन खरं बोलतं: किती सेल्फ मारावे लागतात, पहिल्या मिनिटाला धूर कोणत्या रंगाचा येतो, टॅपेटची खडखड तेल वर चढल्यावर थांबते की चालूच राहते. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कच्चं डिझेल तरी बाहेर येतंय किंवा रेडिएटरमधलं पाणी तरी. विक्रेता म्हणेल, "दोन महिने उभी होती, जरा चालली की साफ होईल." साफ होईल ते तुमचं बँक खातं, पण त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवा.

डिझेल इंजिन आयडलवर चालू असताना तेल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि तसंच उलटं तोंडावर ठेवलं, तर ते जागेवर थोडंसं थरथरावं. टुणकन उडून बाजूला पडलं आणि तोंडातून धुराचे झोत येऊ लागले, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, उतरतंय. हा प्रयोग फुकट होतो, म्हणूनच करू नये. त्याच झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर तेलात पाणी आहे. गाडी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून मग इंजिन चालू केलं आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट गेलं किंवा हेडला तडा. इंजिन वरून खालपर्यंत धुऊन चकाचक केलेलं असेल तर खूश व्हा. कुठून तेल गळतं ते आता दोनेकशे किलोमीटर चालवल्याशिवाय कळणार नाही.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा मीटर) घेऊन येणारा मेकॅनिक सोबत नेलात तर व्यवहारच मोडायचा. तो सगळे ग्लो प्लग (गार सिलिंडर तापवणारे) काढील, बॅटरी भरलेली आहे ना ते बघील, एकेका सिलिंडरचा आकडा खडूने लिहील. बऱ्या डिझेल इंजिनात आकडा २५ बारच्या आसपास किंवा वर येतो. नेमका किती हवा ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण आकड्याइतकंच महत्त्व चौघांच्या एकीला: एखादा सिलिंडर इतरांपेक्षा चार-पाच बारने मागे असेल तर भाव करण्याऐवजी चहा पिऊन उठावं. पेट्रोलमध्ये कमी निघालेल्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. (डिझेलवर हा तेलाचा प्रयोग करत नाहीत.)

कॉमन रेल डिझेल (एकाच नळीत दाबून ठेवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरांना पुरवणारं) घेत असाल तर इंजेक्टरचं नावही काढू नका. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या तोंडाला) पारदर्शक नळ्या लावून चार बाटल्यांत सोडल्या, दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलवर चालवलं आणि एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली, तर कुठला इंजेक्टर झिजलाय ते तिथेच कळतं. मग मजा कसली? त्यापेक्षा माळशेज घाटात, पावसात, सेल्फ फिरतोय पण रेलमध्ये प्रेशरच बनत नाही म्हणून गाडी सुरू होत नाही, असं कळू द्या. आधीचा मालक कॅनमधलं डिझेल भरत होता का, आणि फिल्टरच्या तळातलं पाणी कधी काढलं होतं का, हेही तेव्हाच आठवेल.

बीएस सिक्स डिझेल हवं असेल तर रोज बाणेर ते हिंजवडी जाण्यासाठी जरूर घ्या. त्यातल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या फिल्टरमध्ये, साठलेली काजळी जाळायला मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. सिग्नलला ते काम अर्धवट राहतं, जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून सम्पमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. तेल वाढवणारं इंजिन! विक्रेता "डीपीएफ काढूनच टाकलाय, रीमॅप केलंय" (इंजिनचा प्रोग्रॅम बदललाय) म्हणाला तर त्याला वर पाच हजार द्या. पुढच्या तपासणीत उत्तर देण्याचा मान आता तुमचा आहे.

पण खरा रसिक इंजिन बदललेलीच गाडी घेतो. पेट्रोल जिप्सीत कुणाचं तरी डिझेल, जुन्या जीपमध्ये क्वालिसचं २४४६ सीसी. "सगळं व्यवस्थित बसवलंय" हे वाक्य ऐकलं की पुढचं काही तपासू नका. तपासलंच तर असं दिसेल: ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो, डिझेलमध्ये थ्रॉटलची ती ओढच नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. महिंद्राच्या डीआय इंजिनात तो अल्टरनेटरच्या मागे असतो. बदललेल्या इंजिनाला तो जोडलेलाच नसेल किंवा त्याचा पाइप चिरलेला असेल, तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं आणि हे कळायला घाटाचा उतार ही उत्तम जागा. डिझेल इंजिन सहसा जड, त्यामुळे पुढचे पाटे बसतात. रेडिएटर जुनाच ठेवलेला असेल तर चढावर काटा लाल पट्टीत. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट लेथवर कुणीतरी अंदाजाने केलेली असेल तर दोघांच्या शाफ्टचा मध्य जुळत नाही, आणि दर काही महिन्यांनी क्लचचं आणि पायलट बेअरिंगचं दुकान लागतं. माउंटिंगचं वेल्डिंग चॅसिसला तडा देतं ते वेगळंच.

कागदांचं काय, असं कुणी विचारलं तर त्याला डावा समजा. आरसीवर इंधन पेट्रोल आणि टाकीत डिझेल, म्हणजे विमा कंपनीला दावा नाकारायचं कारण तुम्हीच छापून दिलंत. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिनाची नोंद लागते. इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर सरकारी एमपरिवहन ॲपवरच्या नंबराशी ताडून बघू नका; तिथे ग्राइंडर फिरल्याची चकाकी दिसली तर ती पॉलिश समजा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर धरला की स्वस्ताई कुठे गेली ते शोधावं लागतं, पण तो हिशेबही नंतरचाच.

पाण्यातून काढलेल्या गाडीचा मात्र आग्रह धरा. नव्या थारला कंपनीने ६५० मिलिमीटर खोलीची मर्यादा दिली आहे. आधीच्या मालकाने ती मोजायला टेप नेला नसेल. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरात गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी ग्लो प्लग काढून पाणी बाहेर फेकायचं असतं. मालक घाबरून सेल्फ मारतो. वाकलेल्या रॉडवरही इंजिन महिनोन्महिने चालतं, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, बारीकशी टकटक, आणि एके दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी वाळलेल्या चिखलाची रेघ असेल तर हात फिरवून पुसून टाका. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघू नका, शेवटच्या फुटावर पुराचा गाळ असतो.

हे सगळं पाळून गाडी घरी आणलीत की तेलं बदलायची घाई नको. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी) आणि दोन डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या आसांवरचे गिअर), इतके ड्रेन प्लग उघडायला एक दुपार जाते. तरी हौस म्हणून मागच्या डिफरन्शियलचा प्लग सोडलाच आणि तेलाऐवजी दुधाळ पाणी आलं, तर प्लग पुन्हा आवळा, गाडी धुऊन घ्या, इंजिन जरा गरम करून ठेवा आणि जाहिरात टाका: "अर्जंट विकणे आहे. परदेशी जात असल्यामुळे. एक हात, शोरूम कंडिशन, एक रुपयाचं काम नाही. टाइमपासवाल्यांनी फोन करू नये."