हिरडीवरची गाठ, ग्रहण आणि दोरा

नव्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. नुकतंच जन्मलेलं बाळ आणि त्याच्या वरच्या हिरडीतून ओठाबाहेर आलेली गुलाबी गाठ. खाली मजकूर: हा तोंडाचा कॅन्सर आहे, आईने ग्रहणात चिरलं-कापलं की होतो, ऑपरेशन केलं तर पसरतो, पुढे दातही येत नाहीत, दोऱ्याने घट्ट बांधा, गळून पडेल.

आधी कॅन्सरचं बघू. फोटोतली गाठ जन्मजात एप्युलिससारखी, म्हणजे बाळ जन्मतानाच हिरडीवर असणाऱ्या एका दुर्मिळ गाठीसारखी दिसते. नॉयमन या जर्मन डॉक्टरांनी 1871 मध्येच तिचं वर्णन करून ठेवलंय: गुळगुळीत, बहुधा देठ असलेली, बहुतेकदा वरच्या हिरडीच्या पुढच्या भागात. मुलींमध्ये ती मुलांच्या आठ-दहा पट दिसते. मोठ्यांना होणाऱ्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या दाणेदार पेशींच्या गाठीसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, पण एस-100 या प्रथिनाची चाचणी तिथे पॉझिटिव्ह येते, इथे निगेटिव्ह. ही गाठ साधी असते, म्हणजे कॅन्सरची नसते. जन्मानंतर सहसा वाढत नाही, लहान असेल तर कधीकधी आपोआप आक्रसते.

ग्रहणाबद्दल काय बोलावं! फाटलेल्या ओठाचं खापरही त्याच्यावरच फुटतं. गाठ पोटातच वाढते, शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत कधीकधी दिसतेही. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. आईच्या हार्मोन्सवर संशय घेतला गेला, पण गाठीच्या पेशींत त्यांचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन्स जिथे चिकटून काम करतात त्या जागा, सहसा सापडत नाहीत. बाळंतिणीला बोल लावायला मात्र कुणाला पुरावा लागत नाही.

ऑपरेशनने पसरते, हेही खोटं. देठापाशी कापली की काम झालं. थोडा अंश राहिला तरी ती सहसा परत येत नाही, म्हणूनच सर्जन हिरडी खोलवर खरवडत नाहीत. दातही पुढे सहसा वेळेवर येतात.

सगळ्यात घातक तो दोऱ्याचा सल्ला. त्या देठात रक्तवाहिन्या असतात. घरी आवळला तर रक्तस्राव होईल, जंतुसंसर्ग होईल, आणि सुटलेला तुकडा श्वासनलिकेत गेला तर बाळ गुदमरेल.

तरीही ‘गाठ साधी असते’ एवढंच वाचून घरी बसू नका. हिरडीवरचे मोहरीएवढे पांढरे दाणे आपोआप जातात, त्यांना हात लावायचा नाही. पण निळसर-काळपट, भराभर वाढणारी गाठ वेगळ्या ट्यूमरची असू शकते आणि ती जबड्याचं हाड खाते. टाळूतून निघणारा टेराटोमा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या ऊतींची गाठ, तर जन्मताच श्वास अडवू शकतो. फोटो बघून यातला फरक ठरत नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, गाठ काढली तर ती तपासणीसाठी पॅथॉलॉजी लॅबकडे गेली का तेही विचारा. गाठीमुळे बाळाला स्तन नीट धरता येत नसेल तर ऑपरेशन होईपर्यंत दूध कसं पाजायचं, हे वॉर्डातल्या सिस्टर दाखवतात. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट बघू नका.