'अल्पशा आजाराने' म्हणजे नक्की कशाने?

स्मिता पाटीलवरचा लेख आवडला. जीन्सवरच साडी गुंडाळून दूरदर्शनवर बातम्या द्यायला बसणारी ती सावळी मुलगी आमच्या पिढीला घरातलीच वाटायची. पण तिचा मृत्यू तुम्ही 'अल्पशा आजाराने निधन' एवढ्यावर उरकलात, ते खटकलं. 28 नोव्हेंबर 1986 ला प्रतीक झाला आणि 13 डिसेंबरला ती गेली, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने. वय अवघं 31. पद्मश्री मिळालेली, मुंबईत राहणारी बाई!

आमच्याकडे अजूनही बाळंतिणीला ताप आला की 'दूध उतरतंय, येतोच' म्हणून शेक-शेगडी चालूच. हुडहुडी भरलीय, ओटीपोट दुखतंय, अंगावरून जाण्याला घाण वास येतोय, तरी कुणीतरी डिंकाचा लाडूच पुढे करतं. (माझ्या सासूबाईंनीही केला होता, प्रेमानेच हो.) जंतुसंसर्ग रक्तात पसरायला फार दिवस लागत नाहीत, त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. लेखात याची दोन वाक्यं चालली असती.

आणि प्रतीकला आजी-आजोबांनी वाढवलं, तेही राहिलंच. आता तो नाव 'प्रतीक स्मिता पाटील' असं लावतो.