डळमळणे आणि घुटमळणे एकच? मुळीच नाही

‘चाचरणे, कचरणे, घुटमळणे, डगमगणे, डळमळणे या सगळ्यांचा अर्थ एकच : निर्णय न होणे. कुठलाही शब्द वापरा. प्रमाण लेखनात मात्र दोलायमान होणे असेच लिहावे, तळ्यात-मळ्यात हे पोरखेळातले.’ अशा आशयाचा संदेश शुद्ध मराठीच्या नावाखाली सध्या फिरतो आहे. पुढे ढकलण्याआधी जरा थांबा.

पहिला दावा, सगळ्यांचा अर्थ एकच. समजा, एक माणूस कुणाच्या तरी दाराशी आला आहे. बेलपर्यंत गेलेला हात खाली येतो, दोन पावलं मागे जातो, परत पुढे येतो. हा माणूस दाराशी घुटमळतोय. आता लिहून पाहा, ‘तो दाराशी डळमळत होता.’ वाचणाऱ्याला वाटणार, स्वारी पिऊन आलीय! एका अनुवादाची मुद्रितं तपासताना मला हे वाक्य खरंच भेटलं होतं.

घुटमळायला जागा लागते : दाराशी, पायाशी, कुणाच्या भोवती. मांजर पायात घुटमळतं, त्याला काय कसला निर्णय घ्यायचा असतो? प्रश्न ओठांवर घुटमळतो, तिथेही ओठ ही जागाच. डळमळणं मात्र रोवलेल्या, उभ्या केलेल्या गोष्टीचं. खांब डळमळतो, सरकार डळमळतं, श्रद्धा डळमळते. म्हणून ‘तो डळमळला’पेक्षा ‘त्याचा निश्चय डळमळला’ हे आपल्या तोंडी सहज येतं. ज्याचं अजून काही ठरलेलंच नाही, त्याचं डळमळणार काय?

डगमगणे त्याच्या जवळचं, हे मान्य. पण ते होडीचं आणि पावलांचं, आणि आता बहुतेक वेळा ‘न डगमगता’ असंच भेटतं. चाचरणे जिभेचं, कारण भीती असो, खोटं असो की ऐनवेळी नाव न आठवणं असो. कचरणे मात्र या यादीत आलंच कसं, कळत नाही. ‘खरं सांगायला तो कचरतो.’ काय सांगायचं ते त्याला पक्कं ठाऊक आहे, फक्त छाती होत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. दोन पर्यायांमध्ये मन इकडून तिकडे जात राहतं, नेमकं त्यासाठीचं एकच साधं क्रियापद आपल्याकडे रुळलेलं नाही. ते काम आपण नामांकडून करून घेतो, आणि तिथे मराठी भलतीच काटेकोर आहे. चलबिचल होते ती मनात, बहुधा ठरण्याआधी. धरसोड होते ती ठरल्यावर : धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. का-कू करणाऱ्याचा नकार मनात जवळजवळ झालेला असतो, तोंडातून निघत नाही इतकंच. आढेवेढे घेणाऱ्याचा बऱ्याचदा होकार झालेला असतो; त्याला आणखी दोनदा आग्रह हवा असतो. दोघांनाही ‘त्याचा निर्णय होत नाहीये’ म्हणणं म्हणजे त्यांचं नाटक खरं मानणं.

राहिला ‘दोलायमान’. शब्द उत्तमच आहे. संस्कृतात दोला म्हणजे झोपाळा, दोलायमान म्हणजे झुलणारा. पण त्यात झुलणाऱ्याबद्दल थोडी सहानुभूती असते. बिचाऱ्याची मनःस्थिती दोलायमान झाली, असं आपण म्हणतो. ‘तळ्यात-मळ्यात’मध्ये ती अजिबात नाही. त्या खेळात पुकारणारा वेगळा आणि उड्या मारणारा वेगळा. उडी चुकली की बाद. पक्ष बदलू की नको करत बसलेल्या पुढाऱ्याबद्दल ‘साहेबांचं तळ्यात-मळ्यात चाललंय’ म्हटलं, की पुकारणारं दुसरंच कुणीतरी आहे हेही सांगून होतं. ‘साहेब दोलायमान अवस्थेत आहेत’ असं लिहिलंत, तर लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करतील.