शिवी द्यायला नको, पण कळायला तर हवी!

इंग्रजी शिकणाऱ्यांना शिव्या शिकवाव्यात का? माझ्या मते शिकवाव्यात. द्यायला नव्हे, कळायला. त्यातही 'नाही ऐकत जा, काय करायचं ते कर' असं तोंडावर सांगणारे जे उर्मट प्रकार आहेत ना, स्क्रू यू, बाइट मी, अप युवर्स, गेट स्टफ्ड, किस माय ॲस, ते तर सगळ्यात आधी. पाठ्यपुस्तकात ते नसतात, शिकवणाऱ्याला लाज वाटते, सबटायटलवाला चांदण्या टाकून मोकळा होतो. मग पोरं ते वेब सिरीजमधून उचलतात. शब्द तेवढा हाती लागतो. तो कुणी, कुणाला, कुठल्या सुरात म्हणायचा हे तिथेच राहून जातं.

असलं बोलणं समोरच्याला कळलंच नाही तर काय होतं, याचा माझा आवडता किस्सा दुसऱ्या महायुद्धातला आहे. २२ डिसेंबर १९४४. बेल्जियममधल्या बास्तोन गावात अमेरिकन फौज चहूबाजूंनी वेढली गेलेली. जर्मनांनी पांढरं निशाण घेऊन माणसं पाठवली: दोन तासांत शरण या, नाहीतर तोफांनी उडवतो. अमेरिकन जनरल अँथनी मॅकॉलिफ यांनी रीतसर टाइप केलेलं उत्तर धाडलं. वर 'जर्मन कमांडरला', खाली 'अमेरिकन कमांडर' आणि मध्ये एकच शब्द: नट्स! आलेल्या जर्मन अधिकाऱ्यांपैकी एकाला इंग्रजी येत होतं. तरी हा होकार की नकार, हे काही उमगेना. शेवटी कागद घेऊन गेलेल्या कर्नल हार्पर यांनी फोड करून सांगितलं की साध्या इंग्रजीत याचा अर्थ 'गो टू हेल'. म्हणजे ऐन लढाईत दुभाषी लागला, आणि तोही इंग्रजीतून इंग्रजीत!

शब्दांना धरून अर्थ लावायला गेलं की माणूस असाच भलतीकडे पोचतो. 'बाइट मी' म्हणणाऱ्याला चावून घ्यायचं नसतं. 'तुझ्या नानाची टांग' ऐकल्यावर आपण तरी नानांच्या पायाची चौकशी करतो का? रूप आज्ञेचं दिसतं, पण समोरच्याने काही करावं अशी अपेक्षाच नसते. बोलणारा आपण वाकणार नाही एवढंच जाहीर करत असतो. जेम्स मॅकॉली नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एफवरून सुरू होणाऱ्या त्या दोनशब्दी शिवीचं चक्क व्याकरण मांडलं. त्याचं म्हणणं, ही आज्ञा असूच शकत नाही. असती तर 'यू'च्या जागी 'युवरसेल्फ' यायला हवं होतं. शिवाय तिच्याआधी 'प्लीज' किंवा 'डोन्ट' लावून बघा, लागतच नाही. हा लेख त्याने टोपणनावाने लिहिला आणि लेखकाची संस्था दाखवली साउथ हनोई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा. विद्वान माणसं पण काय वात्रट असतात!

खरी गोची धगीची आहे. परक्या भाषेतली शिवी आपल्याला पोळत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. निषिद्ध शब्दांनी आणि लहानपणी ऐकलेल्या दटावण्यांनी मातृभाषेत अंग जास्त शहारलं. त्यामुळेच मराठीत आईवरून शिवी देताना जीभ अडखळणारा माणूस तो एफ-शब्द शिंक आल्यासारखा सहज सोडून देतो. ऐकणारा इंग्रजीतच वाढलेला असला तर त्याला मात्र चांगलंच भाजतं.

आणि सगळ्यांची धग सारखी नसते. ब्रिटनमधल्या प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने २०१६ साली लोकांना विचारून अशा शब्दांची प्रतवारीच लावली. त्यात 'सॉड ऑफ' आणि 'ब्लडी' सौम्य, 'पिस्ड ऑफ' मधल्या फळीत आणि एफ-शब्द थेट सगळ्यात जहाल गटात. त्यात देशागणिक घोळ वेगळाच. नुसतं 'पिस्ड' म्हटलं की अमेरिकन माणूस चिडलेला असतो, ब्रिटिश माणूस प्यायलेला. बोटांचंही तेच. १९९२ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेलेल्या थोरल्या जॉर्ज बुश यांनी गाडीतून विजयाची दोन बोटं दाखवली, पण तळवा स्वतःकडे ठेवून. तिकडे त्याचा अर्थ थेट 'अप युवर्स' होतो. ज्याची मातृभाषाच इंग्रजी, त्या राष्ट्राध्यक्षाची ही गत!

वर्गात यावर फार वेळ घालवायची गरज नाही. शब्द फळ्यावर लिहा, कुठल्या देशातला आणि किती जहाल ते सांगा, दोस्तांत हसत म्हटलेलं 'स्क्रू यू' आणि साहेबाला म्हटलेलं 'स्क्रू यू' यातला फरक दाखवा, पुढे चला. पोरं खिदळतील, खिदळू द्या.

वापरायचं म्हणाल तर माझं मत जुन्या वळणाचं आहे. परक्या भाषेत शिवीचा सूर सहसा चुकतो. मग एकतर हसं होतं, नाहीतर हवं त्याहून दुप्पट लागतं. ईमेलमध्ये तर नकोच नको, तिथे सूर पोचतच नाही. ठणकावून नकार द्यायचाच असेल तर 'नो चान्स' आहे, 'नॉट हॅपनिंग' आहे. आणि 'आय डोन्ट थिंक सो' हे आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून, समोरच्याच्या डोळ्यात बघत म्हणून बघा. व्यवस्थित झोंबतं, आणि कुणाला तक्रारही करता येत नाही.