शेंबूड विकून श्रीमंत व्हायचं असेल तर

लहान मुलांसाठी लाकडी, बिनविषारी रंगाचं, बुद्धीला चालना देणारं एखादं खेळणं काढावं असा विचार तुमच्या मनात असेल, तर तो आधी झटकून टाका. असली खेळणी आजोबा आणतात, आई ती काचेच्या कपाटात ठेवते आणि पोर ती ज्या खोक्यातून आली त्या खोक्याशी खेळत बसतं. धंदाच करायचा असेल तर शेंबूड विका. ओकारी विका, पू विका, लोंबणारे डोळे विका. गिऱ्हाईक रांग लावेल आणि त्या गिऱ्हाइकाची आई तुमची जाहिरात फुकटात करेल.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत हे करून झालंय. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या टॉप्स कंपनीने १९८५ साली ‘गार्बेज पेल किड्स’ नावाची स्टिकर-कार्डं बाजारात आणली. बेसबॉलपटूंची कार्डं आणि बबलगम विकणारी ही घरंदाज कंपनी. २५ सेंटचं पाकीट, आत पाच स्टिकर आणि बबलगमची एक पट्टी. स्टिकरवर गुबगुबीत गालांची बाळं. फक्त कुणाच्या नाकातून लोंबतंय, कुणी ओकतंय, कुणी मेल्यावर कुजायला लागलंय. सगळ्यांत गाजला तो अ‍ॅडम बॉम्ब: पोरगा खुशीत बसलाय, बोटाने बटण दाबतोय आणि त्याच्याच टाळूतून अणुस्फोटाचा ढग वर निघालाय. शीतयुद्धाच्या दिवसांत मोठी माणसं या विषयावर परिषदा भरवत होती. पोरांनी तो कंपासपेटीवर चिकटवला.

पण नुसती घाण खपत नाही, हे लक्षात ठेवा. ती कुठेही फुकट मिळते. आधी एखादी गोड, निरागस, तमाम आयांना आवडणारी वस्तू हेरा आणि तिच्या थोबाडाला शेंबूड फासा. टॉप्सला अशी वस्तू शोधावीच लागली नाही, कारण तेव्हा ती दुकानादुकानांत अंगावर येत होती. तिचं नाव कॅबेज पॅच किड्स.

जॉर्जिया राज्यातल्या क्लीव्हलंड या लहानशा गावी झेवियर रॉबर्ट्स या गृहस्थांनी एका जुन्या दवाखान्यात बाहुल्यांचं प्रसूतिगृह थाटलं होतं. तिथे बाहुली विकत मिळत नसे, ‘दत्तक’ मिळे. हात वर करून तिला सांभाळण्याची शपथ घ्यावी लागे. पैसे मात्र खरे द्यावे लागत. १९८२ मध्ये कोलेको कंपनीने हक्क घेतले आणि प्रसूती कारखान्यात व्हायला लागली. प्रत्येक बाहुलीचा चेहरामोहरा थोडा वेगळा, प्रत्येकीला नाव, दत्तकपत्र आणि ढुंगणावर रॉबर्ट्स यांची सही. (हो, ढुंगणावर. आणि किळसवाणी ठरली ती टॉप्सची पोरं.) १९८३ च्या नाताळात या बाहुल्यांसाठी आईबाप दुकानांतून हातघाईवर आले. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात एका दुकानाच्या मॅनेजरला गर्दी थोपवायला बेसबॉलची बॅट हातात घेऊन उभं राहावं लागलं. वर्ष संपेपर्यंत सुमारे ३० लाख बाहुल्या ‘दत्तक’ गेल्या.

आता विचार करा. ज्या पोराने आपल्या आईला, वात्सल्याची मूर्ती मिळवण्यासाठी, दुसऱ्याच्या आईच्या बरगडीत कोपर मारताना पाहिलं, त्याला सभ्यपणाबद्दल आणखी काय शिकवायचं राहिलं? त्याला फक्त तसंच बाळ कचऱ्याच्या डब्यात बसलेलं दाखवा. पुढचं हसणं तो स्वतःच हसेल.

घाण काढायला मात्र उत्तम चित्रकार ठेवा. यात काटकसर नको. टॉप्सकडे आर्ट स्पीगलमन आणि मार्क न्यूगार्डन होते, आणि पहिल्या मालिकेतली सगळी चित्रं जॉन पाउंड यांनी रंगवली. ती नीट पाहा: त्वचेवर उजेड कसा पडतो, लाळेचा थेंब कुठे चमकतो, सगळं एखाद्या जुन्या तैलचित्राच्या निगुतीने केलेलं. हाच स्पीगलमन त्याच वर्षांत हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी चित्रांतून सांगत होता. त्या कामाला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं. म्हणजे दिवसा शेंबूड, रात्री हिटलर. असा माणूस तुमच्या पगारावर असेल तर एक काळजी घ्या: त्याचं नाव कार्डावर छापू नका. टॉप्सने कुणाचंच छापलं नाही. आणि मूळ चित्रं त्याला परत देऊ नका, लिलावात विका. १९८९ मध्ये टॉप्सने चित्रांचा लिलाव केला आणि वीस वर्षं चाकरी केलेला स्पीगलमन कंपनीला कायमचा रामराम ठोकून गेला. जाऊ द्या. चित्रं तर विकली गेली ना.

आणखी एक युक्ती, खास मारवाडी म्हणावी इतकी सोपी: एका चित्राला दोन नावं द्या. चित्र तेच, एकावर ‘डेड टेड’, दुसऱ्यावर ‘जे डिके’. क्रमांक ५अ आणि ५ब. पहिल्या मालिकेतल्या ४१ चित्रांचे असे ८२ स्टिकर झाले. दोन्ही मिळवल्याशिवाय पोराला झोप येत नाही. शिवाय नावं अमेरिकेत घरोघरी ठेवतात तीच. वर्गात एखादा टेड असतोच, आणि त्या टेडचं पुढचं सगळं शालेय आयुष्य तुम्ही २५ सेंटांत ठरवून टाकता. कार्डं जपून ठेवायला एवढं कारण पुष्कळ झालं.

यानंतर तुम्हाला काहीही करायचं नाही. शाळा करतील. ठिकठिकाणच्या मुख्याध्यापकांनी ही कार्डं शाळेत आणायला बंदी घातली, आणि ज्यांनी ती पाहिलीही नव्हती त्या पोरांना ती हवीहवीशी झाली. एखाद्या देशाने कायद्यात तुमचं नाव घातलं तर दुधात साखर. मेक्सिकोने ते केलं. आयात-निर्यातीस मनाई असलेल्या मालाच्या तिथल्या यादीत अफू, हेरॉइन असल्या मंडळींच्या पंगतीला मुलांना हास्यास्पद किंवा हीन रूपात दाखवणारे स्टिकर आहेत, आणि उदाहरण म्हणून गार्बेज पेल किड्सचं नाव चक्क कलमात आहे. एवढा मान कुठल्या शैक्षणिक खेळण्याला मिळालाय सांगा.

तुमची भरभराट पाहून सभ्य लोकही गटारात उतरतील. ‘मॅडबॉल्स’ हे फुटलेल्या कवट्यांचे आणि बटबटीत डोळ्यांचे चेंडू याच सुमाराचे. ते काढले अमेरिकन ग्रीटिंग्ज या शुभेच्छापत्रांच्या कंपनीच्या खेळणी-शाखेने, म्हणजे केअर बेअर्स नावाची प्रेमळ अस्वलं ज्यांची, त्याच घराण्याने. एका खिशात अस्वल, दुसऱ्यात कवटी. याला दूरदृष्टी म्हणतात.

इथवर सल्ला सोपा होता. आता धंदा बुडवायचा कसा तेही ऐका, कारण ते शिकण्यासारखं आहे.

बाहुलीवाल्यांनी टॉप्सवर खटला भरला. (रॉबर्ट्स यांना कोर्टाची सवय होती. केंटकीतल्या मार्था नेल्सन थॉमस या कारागीर बाईंनी आपल्या बाहुल्यांची कल्पना उचलल्याचा दावा त्यांच्यावरच लावला होता. तो कोर्टाबाहेर मिटला.) टॉप्सचं म्हणणं, आम्ही विडंबन करतोय. १९८६ मध्ये जॉर्जियातल्या संघीय न्यायाधीशांनी मनाईहुकूम देताना साधारण असं म्हटलं की हे समाजावर भाष्य वगैरे काही नाही, पैसे कमवायचा प्रयत्न आहे. जणू बाहुल्या धर्मादाय चालल्या होत्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली: टॉप्सने बोधचिन्ह बदलायचं आणि पोरं बाहुल्यांसारखी दिसणार नाहीत असं काढायचं.

झालं. आता शेंबूड तोच, पण कुणाच्या नाकातला ते कळेना. गोड बाळाच्या नाकातला शेंबूड हा गुन्हा असतो, भलत्याच बाहुल्याच्या नाकातला शेंबूड हे नुसतं सर्दीचं लक्षण. त्यातून कंपनीने मालिकांवर मालिका काढल्या. तीन वर्षांत पंधरा. रोज रोज दचकायला पोरांनाही वेळ नसतो.

एवढ्यानेही धंदा बुडत नसेल तर सिनेमा काढा. टॉप्सच्या पोरांवर १९८७ मध्ये सिनेमा आला. ठेंगण्या नटांच्या डोक्यांवर भलेमोठे रबरी मुखवटे, आत बसवलेल्या यंत्रांनी हलणारे, आणि कथा काय, तर ही ओकणारी, पादणारी पोरं एका मुलीच्या फॅशन शोसाठी कपडे शिवतात. शिवणकाम! ज्यांच्यावर शाळाशाळांत बंदी, त्यांना कार्यानुभवाच्या तासाला बसवलं. तिकीटबारीवर जेमतेम १६ लाख डॉलर जमले. त्याच वर्षी सीबीएस वाहिनीसाठी कार्टून मालिका बनली, पण पालकांच्या संघटनांनी ओरड केल्यावर अमेरिकेत एकही भाग न दाखवता ती गुंडाळली. पालक इतके चिडलेत म्हणजे धंद्याला बरे दिवस आले असं कंपनीला वाटायला हवं होतं. पण स्टिकर दप्तरात लपवता येतो, कार्टून दिवाणखान्यात सर्वांसमक्ष बघावं लागतं, आणि आईच्या शेजारी बसून पाहिलेली घाण ही घाण राहतच नाही.

१९८८ मध्ये पंधराव्या मालिकेनंतर कारभार आटोपला. सोळावी तयार होत होती, ती निघालीच नाही. त्याच वर्षी कोलेकोनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. बाहुल्यांचा ज्वर तोवर उतरलाच होता. ज्यांनी एकमेकांना कोर्टात खेचलं ते दोघे एकाच साली आडवे झाले. योगायोग असेल, पण ज्या गोड तोंडाला शेंबूड फासून तुम्ही पोट भरता, ते तोंड पाडायची घाई करू नये.

घाबरू मात्र नका. माल गोदामात टाका, पंधरा वर्षं स्वस्थ बसा. ज्या पोरांची कार्डं मुख्याध्यापकांनी जप्त केली होती ती तोवर नोकरीला लागतात, त्यांना पगार मिळतो, आणि दप्तर तपासायला कुणी नसतं. टॉप्सने २००३ मध्ये नव्या मालिका काढायला सुरुवात केली. २०२२ मध्ये खुद्द टॉप्सच फॅनॅटिक्स या दुसऱ्या कंपनीला विकली गेली, तरी कार्डं निघतातच आहेत. न्यायाधीशांचं म्हणणं अखेर खरं ठरलं, फक्त आता ते ऐकून कुणी लाजत नाही.

आणि जुन्या मालातलं एखादं न फोडलेलं पाकीट हाती लागलं, तर आत १९८५ ची बबलगमची पट्टी अजून असेल. ती चघळू नका. गिऱ्हाइकाला मात्र ती आत आहे हे आवर्जून सांगा, तिचे वेगळे पैसे लावता येतात.