रंग कसा होता?

आमच्या घरात सकाळी ‘झोप लागली का’ असं कोणी विचारत नाही. ‘झालं का?’ एवढंच विचारतात. काय झालं, ते सांगावं लागत नाही. मी मान डोलावली की स्वयंपाकघरात कांदेपोह्यांची फोडणी पडते. ‘अजून नाही’ म्हटलं की आई गरम पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवते आणि सगळं घर माझ्याकडे बघत बसतं. अशा वातावरणात कोणाला होईल?

थोडक्यात, पोट ही आमच्याकडे सामाईक मालमत्ता आहे. माझ्या पगाराबद्दल नातेवाईक आडून विचारतात, पण गॅसबद्दल थेट. त्यामुळे मार्चमध्ये माझ्या छातीच्या खाली, बेंबीच्या वर जळजळायला लागलं तेव्हा निदान करायला माणसांची वाण नव्हती.

“मिसळ,” बायको म्हणाली. तिचा मिसळीवर जुना राग आहे.

“वात,” आई म्हणाली. तिच्या मते माझ्या डाव्या खांद्यापासून उजव्या टाचेपर्यंत जे काही दुखतं तो वातच असतो, फक्त पत्ता बदलतो.

आत्यानं सांगलीहून फोनवर थंड दूध सांगितलं. पिताना फार बरं वाटायचं. तासाभरानं जळजळ परत यायची, ती पाहुण्यांना घेऊन. दुधानं आधी निवतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, हे मला पुढे कळलं. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. तेवढी माझी हिंमत नाही.

मग सासरे आले. त्यांचा इलाज लिंबू-सोडा. ग्लासात अर्धं लिंबू पिळायचं, चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, फसफसून वर आलं की एका दमात प्यायचं. मी प्यायलो. अर्ध्या मिनिटात असा ढेकर आला की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “बघा, सुटला गॅस!” सासरे म्हणाले. सगळ्यांचे चेहरे उजळले. आता त्यातली गंमत अशी की तो गॅस माझा नव्हताच. सोड्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे जो वायू सुटला म्हणून आम्ही आनंद केला, तो आम्हीच मिनिटापूर्वी आत घातला होता. पण ढेकर आल्याशिवाय औषध लागू पडलं असं आमच्यात कोणी मानत नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. किंबहुना दोन.

पहिली गोळ्यांची. सोसायटीच्या क्रिकेटमध्ये एक चौकार अडवताना गुडघा दुखावला होता आणि मेडिकलवाल्यानं विचारल्याबरोबर वेदनाशामक गोळ्यांची पट्टी काढून दिली होती. सकाळ-संध्याकाळ एक, नुसत्या चहाबरोबर, तीन आठवडे. गुडघा गुडघ्याच्या जागी, पोट पोटाच्या जागी. दोघांचा एकमेकांशी काही व्यवहार असेल असं मनातही आलं नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. चार दिवस शौचाला काळी होत होती. त्या आठवड्यात कारळ्याची चटणी जरा जास्तच झाली होती, म्हणून मी तिच्यावर ढकलून मोकळा झालो. रोज ‘झालं का?’ विचारणाऱ्या पाच माणसांच्या घरात ‘कसं झालं?’ हे कोणी विचारत नाही, आणि मी सांगायलाही गेलो नाही.

शेवटी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा बायकोनं मला उचलून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पोटाला हात लावण्याआधी ईसीजी काढला. “बावन्न वर्षांचे आहात. हृदयविकाराचा झटकासुद्धा कधी कधी छातीखालची जळजळ म्हणून येतो. घाम, धाप, जबडा किंवा हातात कळ असेल तर सोडा पीत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.” ईसीजी बरा निघाला. सासऱ्यांचा सोडा माझ्या डोळ्यांपुढून तरंगत गेला.

मग प्रश्न. वजन उतरलंय? घास अडकतो? उलटीत रक्त? रात्री दुखून जाग येते? मी पटापट ‘नाही’ म्हणत होतो, तोंडी परीक्षेत पोरं म्हणतात तसं.

“शौचाचा रंग?”

शांतता. बायको शेजारी, कंपाउंडर दारात. जन्मभर पोटावर गप्पा मारलेला माणूस मी, पण शब्द फुटेना.

“गडद,” मी म्हणालो.

“डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची?”

“कारळ्याची चटणी—”

“चटणीनं डांबर होत नाही हो. लोहाच्या गोळ्या घेता? नाही? मग पोटाच्या वरच्या भागातून रक्त गेलंय. आम्लात भिजलं की ते काळं होतं. गोळ्या कसल्या घेताय?”

बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यापुढे एंडोस्कोपी काहीच नव्हती.

तीही त्याच दिवशी झाली. घशात फवारा मारला की जीभ शेजाऱ्याकडून उसनी आणल्यासारखी वाटते. दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी देतात, डाव्या कुशीवर निजवतात, आणि काळी नळी आत जाते. मी ओकाऱ्या काढत असताना नर्सबाई “छान, छान” म्हणत होत्या. लहान आतड्याच्या सुरुवातीला नखाएवढा व्रण सापडला. तुकडा तपासला, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतूही होते. म्हणजे आधी जंतूंनी भाडं न देता मुक्काम ठोकलेला, आणि वर माझ्या गोळ्यांनी आतल्या अस्तराचं संरक्षण काढून घेतलेलं.

डॉक्टर रंगात आले. व्रण काळजीनं आणि तिखटानं होतो अशी पूर्वी डॉक्टरांचीही समजूत होती, म्हणाले. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये या जंतूंचा रस्सा स्वतः पिऊन पाहिला, काही दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, जठराला सूज आलेली दिसली. सहकारी रॉबिन वॉरेन यांच्यासह त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. मी बायकोकडे पाहिलं. “म्हणजे मिसळ नव्हती.”

“व्रण भरेपर्यंत तरी खाऊ नका,” डॉक्टर म्हणाले. संशयाचा फायदाही मिळू देईनात.

दोन रात्री हॉस्पिटलात, चौदा दिवस प्रतिजैविकं, आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि वेदनाशामकाची उरलेली पट्टी बायकोच्या पर्समध्ये जप्त.

घरी आलो त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. बायकोनं सगळं सांगून टाकलं होतं. आता माझा फोन दिवसातून पाच वेळा वाजतो. सांगली, नाशिक, एक मावसभाऊ तर दुबईहून. काल ऑफिसच्या लिफ्टमध्ये बारा माणसांत स्पीकर चुकून चालू झाला आणि आत्याचा खणखणीत आवाज आला,

“आज रंग कसा होता रे?”

“पिवळा,” मी म्हणालो. लिफ्टमधल्या दोघांनी मान डोलावली.